तीन टॅब आणि एंटर

‘बटण’ हा शब्द ऐकला की अजूनही माझी बोटं मोजायला लागतात. शर्टाचं नव्हे, संगणकाच्या पडद्यावरचं बटण. ते मी कधी बघितलेलं नाही, फक्त ऐकलेलं आहे.

बाराव्या वर्षी काचबिंदूनं माझे डोळे गेले. आम्ही कुरुंदवाडचे. वडलांचं किराणा दुकान, घरात निम्मं कन्नड आणि निम्मं मराठी. बाहेरगावच्या अंधशाळेत राहून मी दहावी केली आणि परत घरी आले. त्यानंतरची चार वर्षं मी दुकानाच्या मागच्या खोलीत बसून शेंगा फोडल्या. अव्वा, म्हणजे माझी आई, मोठ्या मायेनं टोपली पुढं सरकवायची आणि म्हणायची, “तेवढाच वेळ जातो गं.” वेळ जात नव्हता. पाहुणे आले की दुकानातच त्यांचं बोलणं व्हायचं आणि माझा विषय निघाला की आवाज खाली यायचा. त्या खोलीचा मी जो धसका घेतला, तो आजतागायत गेलेला नाही. पुढं मी जे केलं ते त्या खोलीच्या भीतीनं केलं. ही सबब नव्हे, जे होतं ते सांगतेय.

नव्वदचं दशक संपत आलं होतं, तेव्हा मला कोल्हापुरातल्या एका दूध संघात टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागली. संघ म्हटलं की लोकांना जो मोठा, नावाजलेला संघ आठवतो तो हा नव्हे. आमचा लहान, तीन तालुक्यांपुरता. माझं टेबल जिन्याखालच्या खोलीत होतं. बोर्ड जुना होता. प्रत्येक लाईनला एक बारीक खटका, लाईन आली की तो टक्कन खाली पडायचा आणि बोटाला कळायचा. कुठलाही साहेब कुठल्या खोलीत आहे हे मला त्यांच्या बायकांच्या आधी माहीत असायचं.

पण खरं काम जनावरांच्या कॉलचं. सभासदाची म्हैस आजारी पडली, अडली, कुणाची गाय उठेना झाली, की गावातल्या दूध डेअरीतून किंवा बूथवरून आम्हाला फोन यायचा. मी गाव, नाव आणि दुखणं विचारून घ्यायची आणि लगेच त्या तालुक्याच्या केंद्रावर फोन करून तिथल्या जनावरांच्या डॉक्टरांना सांगायची. डॉक्टर मोटरसायकलला किक मारून निघायचे. मधे कागद नाही, काही नाही. माणसाचं काम माणसाला सांगायचं. फोनवरच्या एकाही शेतकऱ्याला कधी कळलं नाही की पलीकडची बाई आंधळी आहे. मला त्याचा फार ताठा होता. म्हणजे असा की चहा घेतानासुद्धा मी कुणाला कप हातात देऊ द्यायची नाही.

पुढं संघात संगणक आले. सुरुवातीला मला त्यांचं काही वाईट वाटलं नाही, उलट हुरूप आला. संघानं मला दोन महिन्यांच्या शिक्षणाला पाठवलं. तिथं कळलं की पडद्यावरचं वाचून दाखवणारा एक प्रोग्राम असतो, स्क्रीन रीडर. त्याचा आवाज इंग्रजी बोलणाऱ्या एका परक्या पुरुषाचा, नाकातला. त्याला मराठी गावांची नावं धड घेता यायची नाहीत, पण तो बोलायचा. आठ दिवसांनी मी स्वतः लिहिलेलं पत्र स्वतः ऐकलं आणि खुर्चीत बसून रडले.

मग दीडेक वर्षानं जनावरांच्या कॉलसाठी नवीन सॉफ्टवेअर आलं. पुण्याहून त्याचा इंजिनियर आला होता. माझ्या टेबलाभोवती सगळे उभे राहिले. आमचे साहेब, म्हणजे जनावरांच्या दवाखान्यांचे प्रमुख, माणूस चांगला होता पण आवाज कुस्तीच्या मैदानातला. इंजिनियरनं भराभरा दाखवलं. इथं गाव, इथं मालकाचं नाव, इथं जनावर, इथं दुखणं आणि खाली ही पाच बटणं, झालं. कॉल पाठवला की तालुक्याच्या केंद्रावर आपोआप कागद छापून निघणार. ऑपरेटरनं आता केंद्राला फोन करायचा नाही, दोन ठिकाणी नोंद झाली की घोळ होतो.

त्यानं मला कीबोर्ड दिला. कीबोर्डवर टॅब नावाची एक कळ असते. ती दाबत गेलं की आपण पडद्यावर एका जागेवरून पुढच्या जागेवर जातो, आणि ती जागा कसली आहे हे स्क्रीन रीडर सांगतो. गाव, नाव, जनावर, दुखणं हे त्यानं नीट सांगितलं. मग मी खाली गेले. तो म्हणाला, “बटण.” मी पुढं गेले. “बटण.” पुन्हा पुढं. “बटण.” पाचही वेळा तेवढंच. कुठलं बटण ते नाहीच. बटणांवर नुसती चित्रं काढली होती, आणि त्या चित्रांना आतून नावच दिलं नव्हतं. डोळ्यांनी बघणाऱ्याला चित्र दिसत होतं, मला काहीच नव्हतं.

साहेबांनी विचारलं, “काय बाई, जमतंय न्हवं?”

नाही म्हटलं तर काय होईल, हे मला लख्ख दिसत होतं. हो, आम्हालाही दिसतं काहीकाही. नाही म्हटलं की हे टेबल दुसऱ्या कुणाला, मला दारातलं शिपायाचं स्टूल आणि मग वर्षभरात कुरुंदवाड.

“जमतंय की साहेब,” मी म्हटलं.

सगळे गेल्यावर मी वरच्या मजल्यावरच्या टायपिस्टबाईला गोड बोलून खाली आणलं आणि पाच बटणं कुठली ती एकदा वाचून घेतली. पहिलं पुसा, दुसरं छापा, तिसरं पाठवा, चौथं पूर्ण, पाचवं बंद. दुखणं लिहून झालं की तीन वेळा टॅब आणि मग एंटर. कॉल गेला की टिंग असा आवाज यायचा. बास, एवढंच तर आहे, अशी मी मनाची समजूत घातली.

पुढचे तीन महिने मी रोज असे काढले की सांगता सोय नाही. प्रत्येक कॉलला डाव्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवर ठेवून मी टॅब मोजायची. एक, दोन, तीन, एंटर, टिंग. मधेच कुणी “बाई, चहा?” म्हणून गेलं की मोजणं चुकायचं. आपण दुसऱ्यावर आहोत की चौथ्यावर, हे ठरवायला त्या पडद्यावर काहीच आधार नव्हता. मग सगळं पहिल्यापासून लिहायचं. तोवर फोनवरचा माणूस ताटकळलेला. “थांबा हं पावणं, लाईन खरखरतीया,” असं मी दडपून सांगायची. नोंदलेल्या कॉलची यादी बघायला गेलं तर स्क्रीन रीडर ती सगळी एका दमात, कशाला काही ताळतंत्र नसल्यागत, बडबडून टाकायचा. म्हणजे पाठवलेला कॉल खरंच गेला का, हे मला कधीच तपासता आलं नाही. टिंगवर विश्वास ठेवायचा. पण कुणाला सांगितलं नाही. तोंडी सांगायचे ते दिवस मला आठवायचे आणि मी ते आठवणं बंद करायची.

मग एका सोमवारी सकाळी नऊच्या सुमाराला आजऱ्याच्या बाजूच्या एका वाडीतून फोन आला. वयस्कर बाई होती, धापा टाकत बोलत होती.

“अवं बाई, माजी म्हस आडलीया. येक पाय भायेर आलाय, दुसरा आतच हाय. पहाटंधरनं कन्हतीया. डाक्टरास्नी लावून द्या बिगीबिगी.”

मी लिहून घेतलं. एक, दोन, तीन, एंटर. टिंग.

“पाठवलाय कॉल,” मी सांगितलं. “डॉक्टर येतील. तुम्ही म्हशीजवळच थांबा.”

त्यानंतर तासाभरात आणखी सहा कॉल आले, तिन्ही तालुक्यांतले. सातही वेळा टिंग झालं. पावणेअकराला त्याच बाईचा परत फोन आला. डॉक्टर आलेच नव्हते. मी स्वतःला समजावलं, रस्ता खराब आहे, दुसऱ्या गावाला गेले असतील. केंद्राला फोन करावा असं मनात आलं होतं. हात रिसीव्हरवर गेलासुद्धा होता. पण फोन करायचा नाही असा हुकूम होता, आणि केला तर साहेब विचारणार, कशाला केला, सॉफ्टवेअर जमत नाही काय? मी हात मागं घेतला. तोच कॉल पुन्हा नोंदला, एक, दोन, तीन, एंटर, आणि तिला म्हटलं, “परत पाठवलाय. येतीलच.”

बाराच्या ठोक्याला आजरा केंद्रातले डॉक्टर स्वतः फोनवर आले. मिश्कील गडी, नेहमी चेष्टा करायचे.

“काय वो बाई,” ते म्हणाले, “आज येक बी कॉल न्हाय. समदी जनावरं ठणठणीत झाली का आमाला सुट्टी दिलीसा?”

मी त्यांना कसंबसं वाडीचं नाव सांगितलं, म्हैस अडलीय, लगेच जा. त्यांनी पुढचं काही ऐकलं नाही, फोन आदळला आणि निघाले. मग मी हुकूम गुंडाळून ठेवून बाकीचे सहाही कॉल त्या त्या केंद्रांना तोंडी सांगितले. आवाज इतका कापत होता की एकानं विचारलं, ताप आलाय काय.

ते सहा निभावले. आजऱ्याची म्हैस गेली. डॉक्टर पोचायच्या आधी अर्धा तास, पोटातल्या रेडकासकट.

झालं काय होतं, ते दुपारी टायपिस्टबाईनं फळ्यावरची एक सूचना सहज वाचून दाखवली तेव्हा माझं मला कळलं. रविवारी इंजिनियरनं येऊन सॉफ्टवेअरमध्ये सुधारणा केली होती. कागद आता आपोआप छापून निघत होता, तेव्हा ‘छापा’ हे बटण लागत नव्हतं, म्हणून त्यानं ते काढून टाकलं. तशी सूचना त्यानं फळ्यावर चिकटवली होती, सगळ्यांना वाचता यावी अशी मोठ्या अक्षरांत. एक बटण गेलं आणि मागची सगळी एकेक घर पुढं सरकली. माझं तिसरं बटण आता ‘पाठवा’ नव्हतं. ते ‘पूर्ण’ होतं, डॉक्टर जाऊन आले असं केंद्रांनी नोंदवायचं, पण पडदा सगळ्यांना एकच. आणि टिंग दोन्हीला सारखंच.

मंगळवारी त्या गावच्या डेअरीच्या सचिवानं साहेबांकडं तक्रार केली. साहेबांनी संगणक उघडला. त्यात त्या म्हशीच्या नावावर दोन भेटी पूर्ण झालेल्या, आणि गावावरून डॉक्टरांचं नाव तिथं आपोआप लागलेलं. भेट दिली नाही आणि दिल्याचं नोंदवलं, असा त्याचा अर्थ निघाला, आणि तोही एकदा नव्हे, दोनदा. साहेबांचा आवाज जिन्याखालपर्यंत येत होता. डॉक्टर फोनवर सांगत असणार की मी नोंद केलीच नाही, कारण साहेब ओरडले, “मग काय संगणक खोटं बोलतोय?” डॉक्टरांना नोटीस निघाली. गुरुवारी येऊन खुलासा द्यायचा, नाही पटला तर घरी बसायचं.

मी मंगळवारी गप्प बसले. बुधवारीही बसले. माझ्याकडं कुणाचं लक्षच नव्हतं. ऑपरेटर कॉल पाठवते, पूर्ण झाल्याचं केंद्रावरून टाकतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी फक्त तोंड मिटून बसायचं होतं. मला लाज वाटत होती का? वाटत होती. पण लाजेपेक्षा भीती मोठी होती, दहापट मोठी, हे कबूल करते.

गुरुवारी डॉक्टर आले. वर जायच्या आधी ते माझ्या खोलीत आले आणि दाराशीच थांबले. चेष्टामस्करी काही नाही. त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, “बाई, त्या दिवशी सकाळी तुमी कॉल पाठवलावता न्हवं?”

“पाठवला की,” मी म्हटलं.

“बरं,” ते म्हणाले. “मग आमच्याच केंद्रावर कुणीतरी माती खाल्ली आसंल.”

ते जिना चढून गेले. मी त्यांची पावलं ऐकत होते. सोळाव्या पायरीनंतर साहेबांचं दार वाजलं. ते माझ्यावर विश्वास ठेवून आपल्याच माणसांवर संशय घ्यायला लागले होते. मी खुर्ची मागं सारली, बोर्ड तसाच सोडला, आणि कठड्याला धरून वर गेले. दारात उभी राहून मी म्हटलं, “साहेब, पूर्णची नोंद मी केलीय. दोन्ही वेळा. सातही कॉलची.”

मग सगळं सांगितलं. साहेब माझ्याबरोबर खाली आले आणि डॉक्टरही आले. साहेबांनी मला कळ दाबून दाखवायला सांगितलं. मी दाबली. बटण. बटण. बटण. बटण. त्या खोलीत चौथा कुणीतरी मूर्ख बसलाय आणि तेच ते बोलतोय, असं वाटत होतं. साहेबांनी तिथूनच इंजिनियरला पुण्याला फोन लावायला लावला, आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

“बटणांना नावं?” इंजिनियर म्हणाला. “सर, ती चित्रं आहेत ना. बघितलं की कळतं.”

“बघितलं की,” साहेब म्हणाले. “आणि न्हाय बघितलं तर?”

इंजिनियर म्हणाला की आतून नावं देता येतात, परदेशातलं गिऱ्हाईक असलं की ते देतातच. तिकडं त्याचे नियम ठरलेले आहेत, आंधळ्या माणसाला ऐकून वापरता आलं पाहिजे, नुसत्या कळांवर चाललं पाहिजे, ते तपासून घेतल्याशिवाय माल घेत नाहीत. “इथं कुणी मागत नाही, सर.”

“किती वेळ लागंल?”

“पाच बटणांना... आता चारच आहेत. अर्धा तास.”

बोर्डावर एक खटका पडला, मी तो उचलला नाही. मग डॉक्टरांनीच विचारलं, “बाई, तीन म्हैनं सांगितलं का न्हाई?”

“सांगितलं असतं तर मला ठेवलं असतं का?” मी म्हटलं.

हे डॉक्टरांना नव्हतं, साहेबांना होतं. साहेब, जे एरवी एका शब्दाला दहा शब्द देतात, ते एवढंच म्हणाले, “बसा जाग्यावर. लाईन वाजतीया.” त्यांनी डॉक्टरांची नोटीस मागं घेतली. मला एक लेखी समज मिळाली, ती टायपिस्टबाईनं वाचून दाखवली. इंजिनियरनं दुसऱ्या दिवशी येऊन नावं घातली. मी टॅब दाबला आणि तो नाकातला आवाज इंग्रजीत एकेक नाव घेत गेला, मी ऐकत बसले. पण भीती गेली नाही. नोकरी राहिली होती, तरी त्या म्हशीच्या मालकिणीला अजून कुणी खरं सांगितलं नव्हतं.

शनिवारी मी त्या वाडीच्या डेअरीत फोन केला आणि त्या बाईला बोलवून घेतलं. ती येईपर्यंत मी दोनदा फोन ठेवायला निघाले होते. ती आली. मी तिला सांगितलं की डॉक्टरांची चूक नव्हती. मी आंधळी आहे, मशीनवरची बटणं मला ओळखू येत नव्हती, मी मोजून मोजून अंदाजानं दाबत होते, आणि त्या दिवशी अंदाज चुकला.

तिच्या मागं दुधाची कॅन आपटल्याचे आवाज येत होते. ती शिव्या देईल म्हणून मी तयार होते, किंबहुना तिनं द्याव्यात असंच वाटत होतं.

“दिसत न्हाई ह्यात तुजा काय दोष न्हाई बाई,” ती म्हणाली. “पर अंदाज हाय म्हनून सांगायचं हुतंस की. आमच्या शेजारचा गडी मोटरसायकल काढून दारात हुबा हुता, डाक्टरास्नी घिऊन येतो म्हनत हुता. तू पाठवलाय म्हनलीस, म्हनून मीच त्येला परत धाडला.”